शस्त्रक्रिया शक्य नसलेला अन्ननलिकेचा कर्करोग: रेडिएशनचे नियोजन कसे करतात

गाठ काढता येत नाही, पण आजार दूरवर पसरलेलाही नाही, अशा रुग्णाला प्रकृती झेपत असल्यास बरे करण्याच्या हेतूनेच रेडिएशन आणि किमोथेरपी एकत्र देतात. नातेवाइकांना शेक (रेडिएशनच्या रोजच्या खेपा) लवकर सुरू व्हावेत अशी घाई असते. तरी आधी पोषणाची सोय लावावी. घास अडकत असेल, तर नाकातून नळी घालायची की थेट आतड्यात, हे नियोजनाच्या सीटी स्कॅनपूर्वीच ठरवून घ्यावे, कारण आराखडा त्या दिवशीच्या शरीरावर बेतलेला असतो आणि पुढे वजन फार उतरले, तर तो नव्याने करावा लागतो. गाठ वरच्या किंवा मधल्या भागात असल्यास ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी) करून ती श्वासनलिकेत शिरलेली नाही ना, हे तपासतात.

स्कॅनसाठी रुग्णाला उताणे, हात डोक्यावर घेऊन निजवतात; गाठ मानेत असेल, तर हात बाजूला ठेवून चेहऱ्यावर व खांद्यांवर साचा बसवतात. गाठ जठराजवळ असल्यास ती श्वासागणिक वरखाली होते, म्हणून फोर-डी सीटी (श्वासाबरोबरची हालचाल टिपणारा स्कॅन) करतात. तिथे पोट किती भरलेले आहे यानेही फरक पडतो. स्कॅनआधी जितके तास उपाशी ठेवले, तितकेच रोज शेकाआधी राहावे.

गाठीची वरची आणि खालची कड नुसत्या सीटीवर नीट कळत नाही. त्यामुळे ‘दातांपासून 28 ते 33 सेंटीमीटर’ अशी एंडोस्कोपीतील (अन्ननलिकेच्या दुर्बीण तपासणीतील) नोंद आणि पेट-सीटी (कर्करोगाच्या सक्रिय जागा दाखवणारा स्कॅन) शेजारी ठेवून ती आखतात. आजार अस्तराखालून लांबवर सरपटतो, म्हणून वर-खाली साधारण 3 ते 4 सेंटीमीटर, आजूबाजूला मात्र सुमारे 1 सेंटीमीटरच वाढीव जागा धरतात. संशयित लसिकाग्रंथीही त्यात घेतात. रोजच्या हालचालीसाठी आणखी थोडी कड सोडतात.

सर्वसाधारण मात्रा 50.4 ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) असते: 1.8 ग्रेचे 28 शेक, आठवड्यातून पाच दिवस. ‘जास्त दिले तर?’ हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेत 64.8 ग्रे आणि नेदरलँड्समध्ये 61.6 ग्रे देऊन पाहिले, पण 50.4 ग्रेच्या तुलनेत फायदा दिसला नाही.

खरी कसरत पुढेच असते. मज्जारज्जूला साधारण 45 ग्रेच्या आत ठेवायचे, हृदय वाचवायचे आणि 20 ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा झेलणारा फुप्फुसांचा भाग शक्यतो 30 टक्क्यांखाली आणायचा. आयएमआरटीने (किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या तंत्राने) हृदयावरचा भार हलका होतो, पण थोडी थोडी मात्रा फुप्फुसांच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरते. म्हणून केवळ तंत्राच्या नावावर जाऊ नये.

शेक सुरू झाल्यावर दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे. साचा सैल वाटला किंवा पाणीही उतरेना, तर त्याच दिवशी तंत्रज्ञाला सांगावे. पाणी पिताना ठसका लागू लागला, तर पुढचा शेक घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.