कमी पैशांतला सिनेमा: या चुका टाळा, नाहीतर तो हार्डडिस्कमध्येच राहील

पूर्वी अर्धवट सिनेमे डब्यात पडून राहायचे, आता हार्डडिस्कमध्ये राहतात. कारण जुनंच आहे. शूटिंग संपतं त्याच दिवशी पैसेही संपतात.

नवखा निर्माता हिशेब मुहूर्तापासून मांडतो. तो प्रदर्शनाच्या शुक्रवारपासून उलटा मांडायला हवा. पोस्टर, ट्रेलर, थिएटरला द्यायची डीसीपी (सिनेमाची डिजिटल प्रत), सेन्सॉरची फी, सबटायटल्स, साउंड मिक्सिंग यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरतील त्यात शूटिंगचे दिवस बसवा. वीस दिवस हवे आहेत आणि चौदाच बसतायत? मग संहितेतली वरात कापा. पाहुणे मांडवातून परतताना दाखवले तरी लग्न झाल्याचं कळतं.

दुसरी चूक म्हणजे शासनाच्या अनुदानाच्या भरवशावर कर्ज काढणं. सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाला, परीक्षण समितीनं दर्जा दिला, की मग ते पैसे येतात. सावकाराचं व्याज तोवर थांबत नाही. मामाकडून घेतलेले दोन लाख उसने आहेत की भागीदारी, हेही पहिल्याच दिवशी कागदावर यायला हवं. सिनेमा पडला तर भांडण होतं, आणि चालला तर जास्तच होतं.

पैसे मागायला जाताना नुसती गोष्ट सांगत बसू नका. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पण पुढच्या भांडवलासाठी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपलं आणि ते पडद्यावर वाढताना दाखवलं. तुम्हीही एक प्रसंग दोन मिनिटांचा शूट करा आणि तो मोबाइलवर दाखवा.

आता आवाज. कॅमेऱ्याच्या भाड्यावर पैसे उधळायचे आणि साउंडवाला मात्र एकटा, तोही मित्राचा मित्र, असं सर्रास चालतं. कॅमेऱ्याच्या थाटाशिवायही सिनेमा होतो: रीमा दास यांनी आसाममधल्या आपल्या गावात ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ स्वतःच लिहिला, चित्रित केला, संपादित केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. लोकेशन बघायला जाल ते शूटिंगच्याच वेळेला जा. सकाळी शांत असलेल्या वस्तीत संध्याकाळी पिठाची गिरणी सुरू होते. ‘डबिंगमध्ये बघू’ म्हणाल, तर गावातल्या हौशी कलाकारांना स्टुडिओत ओठ जुळवता येत नाहीत, हे आम्ही रडत शिकलो. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून तिथला नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगला तोच वाचवतो.

आणि बैल! ग्रामीण सिनेमात तो हटकून असतो. चौकटीत जनावर आलं की सेन्सॉर बोर्ड पशू कल्याण मंडळाचा ना हरकत दाखला मागतं, त्यासाठी शूटिंगच्या आधीच अर्ज करावा लागतो. आम्हाला हे नंतर कळलं. अख्खा गोठा कापला, आणि नायिकेच्या बापाचा एकमेव चांगला प्रसंग त्या गोठ्यातच होता. मागे वाजणाऱ्या रेडिओवरच्या गाण्याचंही असंच. परवानगी नसेल तर रेडिओ बंद ठेवून शूट करा, आवाज नंतर घालता येतो. शीर्षकाची नोंदणी मात्र पोस्टर छापण्याआधी करून टाका.

सिनेमा महोत्सवांना पाठवायचा असेल तर उत्साहात यूट्यूबवर टाकू नका. बऱ्याच महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो.

प्रदर्शनात थिएटरं जास्त घेण्याचा मोह होतो. रिकामे शो सोमवारपर्यंतही टिकत नाहीत. ‘मंथन’साठी गुजरातच्या 5 लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये दिले होते आणि सिनेमा लागल्यावर तेच ट्रक भरभरून बघायला आले. तुमच्या गोष्टीतलं गाव ज्या तालुक्यात आहे, तिथल्या एकपडदा थिएटरच्या मालकाला शूटिंग चालू असतानाच सेटवर चहाला बोलवा.