सांडपाण्याचा पाइप चढावर असेल तर: आरव्हीत राहायला येणाऱ्यांसाठी

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर, आणि आरव्ही पार्क म्हणजे ते उभे करून राहण्याची जागा. अशा पार्कमध्ये जागा घेताना बहुतेक जण वायफाय आणि सावलीची चौकशी करतात. सांडपाण्याच्या पाइपचे तोंड जमिनीपासून किती उंच आहे, हे फारसे कुणी विचारत नाही. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची आरव्ही, लावून, पाय टेकवून, वीज-पाणी जोडून झाले की मग लक्षात येते की ते तोंड आपल्या ट्रेलरच्या सांडपाण्याच्या नळापेक्षा वर आहे. नवऱ्याचे काम पवनचक्क्यांच्या देखभालीचे असल्याने आमचा मुक्काम कधी टेक्सास, कधी ओक्लाहोमा, कधी आयोवा असा हलत असतो, आणि जुन्या पार्कांमध्ये ही अडचण हमखास भेटते. पावसाचे पाणी गटारात शिरू नये म्हणून पाइप जमिनीच्या वर काढलेला असतो. त्यात जागा उताराची असली की पंचाईत.

आरव्हीत दोन टाक्या असतात. संडासाची ती ब्लॅक टँक, आणि मोरी-बेसिनची ती ग्रे टँक. दोन्हींचे पाणी ट्रेलरखालच्या तीन इंची नळातून, सरकत्या व्हॉल्व्हमागून बाहेर पडते. त्याला ढकलणारे काही नसते. टाकीतल्या पाण्याची उंची एवढाच काय तो जोर. समजा टाकी दहा इंच खोल आहे आणि पार्कचा पाइप टाकीच्या तळापेक्षा चार इंच वर आहे. टाकी काठोकाठ असली तरी वरचे सहा इंच जातील आणि खालचे चार तसेच राहतील. तळाशी राहते ते सगळ्यात दाट. पाइप तळापेक्षा दहा इंचांहून वर असेल, तर व्हॉल्व्ह उघडून काहीच होणार नाही, फक्त होज, म्हणजे ट्रेलरचा नळ आणि पाइप जोडणारी लवचिक नळी, भरेल. आणि हिशेब पाइपच्या तोंडाचाच करून भागत नाही. होज मध्ये कुठे उंचवट्यावरून गेला असेल, तर तो उंचवटा मोजायचा.

म्हणून काहीही जोडण्याआधी उंची मोजा. आपले गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी काढतात, तेच इथे करा. एक टोक ट्रेलरच्या नळाशी, दुसरे पाइपच्या तोंडाशी. नजरेवर विसंबू नका. उताराच्या जागेत नजर फार फसवते.

फरक दोन-चार इंचांचा असेल तर ट्रेलर लेव्हलिंग ब्लॉकवर, म्हणजे चाकांखालच्या ठोकळ्यांवर, चढवून बराचसा भरून काढता येतो. त्याहून थोडा जास्त असेल तर होज हाताने उचलत न्यावा लागतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत थांबा, म्हणजे जोर मिळतो. व्हॉल्व्ह उघडा, वाहणे थांबले की बंद करा, आणि मगच होज ट्रेलरच्या बाजूने खांद्याइतका उचलत पाइपकडे सरका. व्हॉल्व्ह उघडा ठेवून उचलाल तर सगळे परत टाकीत येईल. वीस फुटी तीन इंची होज भरलेला असला की त्यात सुमारे सात गॅलन, म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर असतात. तेवढेच किलो वजन हातात आहे हे धरून चाला आणि शक्यतो दोघांनी करा. पाइपकडचे टोक आट्यांच्या एल्बोने (वाकड्या जोडणीने) पक्के बसवलेले हवे. नुसते आत खुपसलेले टोक उचलताना निसटते. ट्रेलरकडचे टोक सोडताना त्याचे तोंड वर धरायचे आणि लगेच झाकण लावायचे.

आधी ब्लॅक, मग ग्रे हा क्रम सगळीकडेच पाळतात, चढावर तर तो फार महत्त्वाचा. शेवटी होजमध्ये जे उरेल ते साबणाचे पाणी असावे.

दर आठवड्याला असे उचलत बसणे मला पटत नाही. मुक्काम महिनाभराचा असेल तर मॅसरेटर पंप घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे. हा बारा व्होल्टवर चालतो, ट्रेलरच्या नळालाच बसतो, आतली पाती मैला-कागद बारीक करतात आणि पाऊण किंवा एक इंची नळीतून ते सगळे चढावर ढकलतात. चांगला पंप मिनिटाला दहा-बारा गॅलन काढतो, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी पाचेक मिनिटांत रिकामी. आतला इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) रबरी असतो आणि कोरडा फिरला की जळतो. टाकी संपत आली की आवाज चढतो. तो कानावर पडताच बटण बंद करा. चालू असताना पुढच्या टोकाचा व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका, आणि ते टोक पाइपला बांधून ठेवा, कारण नळीत दाब असतो. वेट वाइप, सॅनिटरी पॅड, केस यांनी पंप अडकतो. घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधी सांगावे. संकोच वाटतो, पण सांगावे.

चाकांची टोट टँक (सांडपाणी भरून ओढत न्यायची टाकी) मात्र चढावरच्या पाइपसाठी घेऊ नका. तिच्यात पाणी उतरायला ती ट्रेलरच्या नळाहून खाली असावी लागते, आणि तिचे स्वतःचे तोंड त्याहूनही खाली. ती उपयोगी पडते डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या सामाईक जागेपर्यंत, नेताना, कारण तिथले तोंड जमिनीलगत असते. पंचवीस गॅलनची भरलेली टोट नव्वद किलोंच्या वर जाते, तेव्हा ती गाडीला जोडून पावलाच्या वेगाने न्या.

ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पातळ निघून जाते आणि घट्ट तळाशी साचून डोंगर होतो. रिकामी केल्यावर टाकीत लगेच काही लिटर स्वच्छ पाणी घाला. आपल्याकडे संडासात पाणी वापरण्याची सवय इथे कामी येते, मैला पातळ राहतो. टाकी मात्र लवकर भरते, त्याप्रमाणे वेळ ठरवा. ग्रे टँकचा त्रास वेगळा. फोडणीचे तेल, आमटीचा तवंग टाकीच्या भिंतींना चिकटतो आणि चढावर प्रवाह मंद असल्याने थर वाढत जातो. कढई आधी कागदाने पुसून घ्या, चहाचा चोथा गाळून कचऱ्यात टाका.

हातमोजे घाला. टाकी-होज धुण्याची नळी वेगळ्या रंगाची ठेवा आणि पिण्याच्या पाण्याच्या नळीजवळ ठेवूच नका. धुण्याच्या नळीला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लावा. सांडलेच तर पार्कच्या ऑफिसला कळवून जागा धुऊन काढा. शेजारच्या साइटवरची मुले त्याच गवतात खेळतात.

आयोवासारख्या ठिकाणी हिवाळ्यात चढाचा होज जोडून ठेवता येत नाही, कारण त्यातले उरलेले पाणी गोठते. पंपातही पाणी राहते. काम झाले की पंपातून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (गोठू न देणारे द्रव) फिरवा, होज पूर्ण रिकामा करा आणि दोन्ही वस्तू बंद कप्प्यात ठेवा.