किलोमीटर १०४ ला उतरा: माचू पिच्चूची एका दिवसाची पायवाट

पेरूतल्या माचू पिच्चू या इंकांच्या जुन्या शहराला चालत जायचं म्हटलं की बहुतेकांना चार दिवसांचा इंका ट्रेलच आठवतो. तंबूतली झोप आणि ४,२०० मीटरच्या वरची खिंड. ज्यांना ते झेपतं त्यांनी जरूर करावं. पण गुडघे कुरकुरत असतील, रजा कमी असेल किंवा तंबूत कुडकुडायची हौस नसेल, तर एका दिवसाची छोटी वाट आहे. ती रेल्वेच्या किलोमीटर १०४ या थांब्यापासून सुरू होते, विन्याय वायना या अवशेषांपाशी मोठ्या वाटेला मिळते आणि इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वारातून माचू पिच्चूत उतरते. बारा-तेरा किलोमीटर, थांबे धरून सहा-सात तास.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली बाई. जुनं दगडी बांधकाम दिसलं की माझ्या डोक्यात आधी पाणी येतं: आलं कुठून, गेलं कुठे. तेव्हा हे मार्गदर्शन थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगते. बरोबर आमचे हे होते, त्यांना पाण्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना फोटो हवे होते. दोघांचंही भागलं.

परवाना आधी, विमान नंतर

या वाटेवर एकट्यानं जाता येत नाही. परवानाधारक गाईड सक्तीचा आहे आणि परवाना अधिकृत एजन्सीमार्फतच निघतो. रोज किती जणांना सोडायचं याची मर्यादा ठरलेली आहे. एका दिवसाच्या वाटेचा कोटा चार दिवसांच्या वाटेपेक्षा वेगळा असतो आणि तो तितक्या झपाट्यानं संपत नाही, पण मे ते ऑगस्टमध्ये जायचं असेल तर काही महिने आधी हालचाल करा. फेब्रुवारीत वाट डागडुजीसाठी बंद असते, दरवर्षी. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने. त्यातही वाट चालू असते (फेब्रुवारी सोडून), पण दगड शेवाळलेले आणि वरून ढग.

परवाना पासपोर्टच्या नंबरावर आणि त्यातल्या नावावर निघतो. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर तेही जसंच्या तसं कळवा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर एजन्सीला लगेच सांगा आणि जुनाही बरोबर ठेवा. चौकीवर मूळ पासपोर्ट बघतात, मोबाइलमधला फोटो दाखवून चालत नाही.

एजन्सीला पैसे भरण्याआधी हे विचारा: जाण्याची रेल्वे, परतीची रेल्वे, माचू पिच्चूहून खाली येणारी बस, जेवण आणि दुसऱ्या दिवशीचं माचू पिच्चूचं तिकीट, यातलं काय धरलंय आणि काय नाही? शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ट्रेलच्या परवान्यावर तुम्ही वरच्या बाजूनं येता आणि शहराच्या आत फिरायचं तर वेगळं, वेळ ठरलेलं तिकीट लागू शकतं. २०२४ पासून माचू पिच्चूत तीन सर्किट आणि त्यांचे दहा उपमार्ग आहेत. तिकिटावर जो मार्ग छापलाय त्याच मार्गानं फिरावं लागतं. ‘कुठलं सर्किट?’ या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

कुस्कोत मुक्काम करू नका, निदान सुरुवातीला

लोक ट्रेकच्या उंचीला घाबरतात आणि थेट कुस्कोत, म्हणजे विमान उतरतं त्या शहरात, जाऊन झोपतात. गंमत अशी की कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि या वाटेवरचा सगळ्यात उंच भाग २,७०० च्या थोडा वर. डोकं दुखणं, मळमळ, जिना चढताना धाप, हे सगळं जास्त करून कुस्कोत होतं, ट्रेकवर कमी. म्हणून विमानतळावरून तडक खाली उरुबांबा किंवा ओयांतायताम्बोला निघा. दोन्ही गावं २,८०० मीटरच्या आसपास. दोन रात्री तिथे काढा. कुस्को परतीच्या वेळी बघा, तेव्हा अंगाला सवय झालेली असते. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे विचारणं टाळूच नका.

ओयांतायताम्बोचा दुसरा फायदा पहाटे कळतो. रेल्वे तिथूनच सुटते. कुस्कोत राहिलेली मंडळी चारच्या सुमाराला गाडीत बसून पेंगत येतात आणि तुम्ही चहा पिऊन चालत स्टेशनवर जाता. गावातले रस्ते इंकांनी आखलेले आहेत आणि गल्लीच्या कडेनं दगडी पाट अजून वाहतात. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याच मागे लागून फिरले.

पिशवी

लहान घ्या. माचू पिच्चूत ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही आणि रेल्वेतही सामानावर मर्यादा आहे. मोठी बॅग हॉटेलवाले सांभाळतात.

पाणी दोन लिटर, पुन्हा भरायच्या बाटलीत. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांना माचू पिच्चूत बंदी आहे आणि वाटेत दुकान नाही. काठीच्या टोकाला रबर हवं, नुसतं लोखंडी टोक दगड खरवडतं म्हणून चालत नाही. टोपी, सनस्क्रीन, पातळ रेनकोट. बूट घरी वापरून मऊ झालेले. डास-माश्यांचं मलम विसरू नका: खालच्या जंगलात बारीक माश्या असतात, चावताना कळत नाहीत आणि नंतर आठवडाभर खाज सुटते. पूर्ण लांब पँट हाच खरा उपाय.

सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा, शौचालयाला नाणी लागतात. डॉलर नेत असाल तर कोऱ्या नोटा न्या. कोपरा फाटलेली किंवा शाई लागलेली नोट पेरूत कोणी घेत नाही.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘वेजेतारियानो’ म्हणून थांबू नका. लाल मांस नसलं म्हणजे शाकाहारी, अशी समजूत असलेला स्वयंपाकी डब्यात कोंबडी किंवा टूना घालून मोकळा होतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे लाल मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, असं एकेक मोजून सांगा. अंडं चालत नसेल तर तेही. वर आधार म्हणून ओयांतायताम्बोच्या बाजारातून भाजलेला मका, ज्याला तिथे कांचा म्हणतात, आणि केळ्याचे वेफर्स घेऊन ठेवा.

वाट

किलोमीटर १०४ ला प्लॅटफॉर्म नाही. गाडी मिनिटभर थांबते आणि ट्रेकवाले तेवढ्यात उतरतात. मागचा किलोमीटर सरत आला की पिशवी खांद्याला लावून दाराशी या, गाईड सांगतोच. बाकीचे प्रवासी खिडकीतून आपल्याकडे जरा दयेनं बघतात.

मग उरुबांबा नदीवरचा झुलता पूल, चौकी, पासपोर्ट आणि लगेच चाचाबांबा. हे लहानसं ठिकाण झाडीत लपलेलं आहे. बहुतेक गट इथे पाच मिनिटं थांबून पुढे सटकतात. तुम्ही दगडी स्नानकुंडं नीट बघा. त्यांच्यासाठी आणलेलं पाणी अरुंद पन्हाळीतून येतं आणि प्रत्येक कुंडात वरून धार पडते. धारेसाठी दगडाचं ओठ कसं कोरलंय, पाणी भिंतीला चिकटून ओघळू नये म्हणून ते किती पुढे काढलंय, हे वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

इथून चढ सुरू. सुरुवातच २,१०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर. एकूण चढ मात्र सहाशे मीटरच्या आसपास, कळसूबाईपेक्षा कमीच. त्रास देतं ते ऊन. पहिले तीन-एक तास डोंगराच्या उघड्या कुशीतून वाट जाते आणि सावली जवळजवळ नाही. म्हणून पहिल्या तासात मुद्दाम हळू चाला. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग. गटातली तरणी पोरं पुढे गेली तर जाऊ द्या, वाटेतल्या धबधब्यापाशी सगळे भेटतात. कुणाला वाट द्यायची असेल तर नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या नाही.

खाली नदी बारीक होत जाते. किलोमीटर १०७ जवळ नदीवर एक छोटा बंधारा आहे, तिथून पाणी बोगद्यानं जलविद्युत केंद्राकडे नेतात. माझ्या गाईडला वाटलं मी थकून थांबलेय. मी दरवाजे मोजत होते.

विन्याय वायनाला घाई करू नका

माझं ऐकाल तर दिवसाचं सगळं गणित या ठिकाणाभोवती बसवा. माचू पिच्चू तुम्ही दुसऱ्या दिवशीही बघाल, गर्दीत का होईना. इथे मात्र पायी आल्याशिवाय येता येत नाही. निम्म्या चढावरच्या विश्रांत्या पाच-पाच मिनिटांच्या ठेवा आणि वाचलेला वेळ इथे घालवा. तासभर तरी.

समोर काय दिसतं? अख्ख्या डोंगरउतारावर अर्धगोल पायऱ्यापायऱ्यांची शेतं, वर घरांचा एक गट, खाली घरांचा दुसरा गट आणि दोन्हींना जोडणारा उभा जिना. जिन्याच्या बाजूनं एकाखाली एक दगडी कारंजी उतरत जातात. एकाचं पाणी दुसऱ्यात. जिना उतरताना डावीकडे-उजवीकडे बघत बसू नका, पायऱ्या उंच आहेत. थांबा, मग बघा.

आता माझ्या धंद्यातलं. इतक्या पावसाच्या डोंगरावर नुसती भिंत बांधून माती भरली तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात पोट सुटून भिंत कोसळते, कारण मागे साचलेलं पाणी ती ढकलतं. माचू पिच्चूच्या अशाच शेतांत खोदून बघितलं तेव्हा आत थर सापडले: तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळूमिश्रित थर आणि सगळ्यात वर पिकाची माती. पाणी मुरतं, खाली झिरपतं, निघून जातं. भिंती किंचित आत, डोंगराकडे कललेल्या. तिथल्या मुख्य पाटाची लांबी ७४९ मीटर आहे आणि त्यावर सोळा कारंजी चालतात. पंधराव्या शतकात, लोखंडी अवजार नसताना. हे वाचलेलं असलं की विन्याय वायनाची भिंत वेगळी दिसते. हात लावू नका, पण जवळ जाऊन सांधे बघा, आणि भिंतीचा कल डोळ्याच्या रेषेत धरून बघा. आमचे हे तोपर्यंत सावलीत बसून डबा खात होते. तेही योग्यच, जेवायला याहून चांगली जागा वाटेत नाही. शौचालयही जवळच्या कॅम्पपाशी आहे, पुढे माचू पिच्चूच्या दाराबाहेरपर्यंत नाही.

सूर्यद्वार आणि शेवटची बस

विन्याय वायनानंतर वाट ढगांच्या जंगलात शिरते. सावली, नेचे, शेवाळ, नशिबात असेल तर ऑर्किड. दीड-दोन तास, बहुतेक सपाट, थोडं वरखाली. शेवटी एक उभा दगडी जिना येतो, पन्नासेक पायऱ्यांचा. इतका उभा की लोक हात टेकून चढतात. काठ्या पिशवीला अडकवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, पाय आडवा टाका. पाच मिनिटांत संपतो, त्यामुळे आधीपासून धास्ती घेऊ नका.

पुढे थोड्या वेळात इंती पुंकू. इथे सूर्योदय बघायचा असतो असं तुम्ही ऐकलं असेल. तो चार दिवसवाल्यांसाठी. तुम्ही पोचता दुपारी तीन-चारला, ऊन समोरून येतं आणि फोटोत शहर जरा धुरकट निघतं. पण गर्दी ओसरलेली असते. इथून खाली पाऊण-एक तास. गुडघ्यांचा खरा हिशेब या उतारावर होतो, काठ्या परत काढा.

गाईड घाई करायला लागला तर त्याच्यावर रागावू नका. पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ त्याच्या डोक्यात असते. ती साधारण साडेपाचला सुटते. चुकली तर दिवसभर चालल्यावर आणखी तासाभराहून जास्त अंधारात पायऱ्या उतराव्या लागतात. त्या वेळी बसला रांगही असते, ती वेळेत धरा. विन्याय वायनाहून दीडच्या आत निघालात तर सगळं आरामात बसतं.

त्याच रात्री रेल्वेनं परत फिरता येतं, एजन्सी तसं पॅकेज विकतातही. मी म्हणेन, आग्वास कालिएंतेसला रात्र काढा. गाव बाजारू आहे, जेवण महाग आहे, पण गरम पाण्यानं आंघोळ करून आडवं होता येतं. दुसऱ्या दिवशीचं माचू पिच्चूचं तिकीट अगदी पहाटेचं घेऊ नका. सकाळी ढग खाली उतरलेले असतात आणि तुमच्या पोटऱ्याही कबूल होणार नाहीत. आठ-नऊची वेळ बरी. आत शौचालय नाही, खायला परवानगी नाही, तेव्हा नाश्ता करूनच वर जा.

गाईडला टीप रोख सोलमध्ये, निरोपाच्या वेळी हातात द्या. आणि हॉटेलात फुकट मिळणाऱ्या कोकाच्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकायचा मोह आवरा. पेरूत ते रोजचं पेय आहे, आपल्याकडे कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. तिथेच पिऊन संपवा.