प्लॅन कॅशच्या सेटिंगला हात लावताना या चुका टाळा

‘मी एक्सप्लेन करून बघितलं, प्लॅन मस्त आहे, तरी ॲपमध्ये क्वेरी लटकते.’ पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल ही तक्रार आली की मी एकच विचारतो: एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालेल तो प्लॅन दाखवणारी आज्ञा, चालवताना व्हॅल्यू हाताने टाकली होती का? उत्तर ठरलेलं. अहो, ॲप प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे व्हॅल्यूची जागा मोकळी ठेवून आधीच तयार केलेली क्वेरी, पाठवतंय आणि तुम्ही भलतीच क्वेरी तपासताय. आधी प्रिपेअर करा, मग एक्सप्लेन एक्झिक्यूट चालवा. फिल्टरमध्ये खऱ्या व्हॅल्यूच्या जागी $1 दिसलं की तो जेनेरिक प्लॅन, म्हणजे कोणतीही व्हॅल्यू आली तरी तोच एक.

शहाणपण शिकवतोय, पण यात माझ्याही दोन रात्री गेल्यात. ऑर्डर्सचं टेबल होतं, स्टेटस चार. जवळपास सगळ्या ओळी ‘पूर्ण’, चिमूटभर ‘प्रलंबित’. प्रलंबितची क्वेरी इंडेक्सवरून जायला हवी, पण काही कनेक्शनवर ती अख्खं टेबल वाचत सुटायची. ॲप रीस्टार्ट केलं की ठीक, दुपारी पुन्हा तेच. झालं होतं असं: पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा त्या त्या व्हॅल्यूसाठी कस्टम प्लॅन बनवतं, मग त्यांचा सरासरी खर्च जेनेरिकच्या खर्चाशी ताडून बघतं. ज्या कनेक्शनवर पाचही वेळा ‘पूर्ण’ आलं, तिथे सरासरी महाग निघाली, जेनेरिक जिंकला आणि पुढे ‘प्रलंबित’च्याही गळ्यात पडला. हा प्लॅन कॅश, म्हणजे बनवून ठेवलेल्या प्लॅनचा साठा, प्रत्येक सेशनचा (म्हणजे कनेक्शनचा) वेगळा असतो, म्हणून शेजारच्या कनेक्शनवर सगळं सुरळीत.

आता मी तेवढ्या ट्रान्झॅक्शनपुरतं ‘सेट लोकल प्लॅन_कॅश_मोड = फोर्स_कस्टम_प्लॅन’ लिहितो, म्हणजे दर वेळी कस्टम प्लॅनच बनतो. ही सोय आवृत्ती 12 पासून आहे, आणि आधीच प्रिपेअर झालेल्या स्टेटमेंटलाही लागू पडते. घाईची मंडळी मात्र हीच ओळ थेट मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये टाकून मोकळी होतात. मग दिवसाला लाखो वेळा चालणाऱ्या चिल्लर क्वेरीचाही प्लॅन दर वेळी नव्याने बनतो, आणि आठवड्याने विचारतात, सीपीयू का चढला?

रोलवर (म्हणजे डेटाबेसच्या युजरवर) ‘ऑल्टर रोल’ने सेटिंग लावलीत तर ती नव्या सेशनलाच लागते, म्हणून पूलमधली, म्हणजे ॲपसाठी उघडी ठेवलेली, जुनी कनेक्शन्स तोडा.

पीजी_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स या व्ह्यूमध्ये 14 पासून जेनेरिक आणि कस्टम प्लॅन किती वेळा वापरले ते कळतं. पण फक्त चालू सेशनचं. तुमच्या खिडकीतून ॲपचे आकडे शोधू नका.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवाल्यांनी हसू नये. एक क्वेरी बिघडली म्हणून प्रॉडक्शनवर नुसतं ‘डीबीसीसी फ्रीप्रॉककॅश’ मारून सगळेच साठवलेले प्लॅन पुसणारे तुमच्यातलेच. कंसात त्या एका प्लॅनचं हँडल (त्याची ओळखखूण) देता येतं, ते द्या.