गाळ्यामागची पळापळ गावाला कितीला पडते, ते असं मोजा

सगळा भ्रष्टाचार मोजायला जाऊ नका, एकच वस्तू धरा. समजा बाजारात एक सरकारी गाळा आहे, भाडं महिना २,००० आणि शेजारच्या खासगी गाळ्याला ८,०००. फरक ६,०००, वर्षाला ७२,०००. ह्या फरकालाच अर्थशास्त्रात रेंट म्हणतात, आणि नवीन काही न पिकवता तो पदरात पाडून घ्यायची धडपड म्हणजे रेंट सीकिंग.

आता पळणारे मोजा, ज्याला गाळा मिळाला नाही तो आधी, कारण लोक त्यालाच विसरतात. माझा चुलत भाऊ खानापूरला टेलर आहे, अशाच एका गाळ्यासाठी तो वर्षभर बेळगावात कचेरीचे खेटे घालत होता, दुकान बंद, काखेत फाईल, पुन्हा तीच झेरॉक्स, कुणाचं तरी शिफारसपत्र आणि साहेबांसाठी कुंद्याचा डबा. गाळा गेला दुसऱ्यालाच. लग्नसराईतले किती ब्लाऊज शिवायचे राहिले ते वहिनीला विचारा. तर प्रत्येकाचे बुडालेले दिवस गुणिले रोजची कमाई, वर बसभाडं, झेरॉक्स.

लाच आणि कुंदा मात्र वेगळ्या कॉलममध्ये लिहा, कारण ते ह्या हातातनं त्या हातात जातं, बुडालेला दिवस कुणाच्याच हाती लागत नाही. (पण त्या खुर्चीवर बदली मिळावी म्हणून कोण पळत असेल तर ती पळापळ धरायचीच, ती कुणी धरत नाही ह्याचा मला लई राग येतो.)

आकडा पटतो का बघायला गॉर्डन टलॉक ह्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं गणित लावा, हे नुकसान त्यानं १९६७ मध्ये मांडलं होतं. सारख्या ताकदीचे पाच जण, जो जास्त ओतेल त्याचा चान्स जास्त, तर सगळ्यांचा मिळून खर्च बक्षिसाच्या, म्हणजे त्या ७२,००० च्या, पाचात चार हिस्से, म्हणजे ५७,६००. पळणारे वाढले की जवळजवळ सगळंच गेलं. अ‍ॅन क्रूगर ह्या अर्थतज्ज्ञ बाईनं १९७४ मध्ये भारताचा १९६४ सालचा असा रेंट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के काढला होता, त्यात मोठा वाटा आयात लायसन्सचा.

शेवटी ही पळापळ कशानं थांबेल तेही लिहा. गाळ्याचा खुला लिलाव झाला तर फरक सरळ पालिकेच्या खात्यात जातो, मग साहेबाकडं जायचं कशाला? दाखल्यांसाठी सकालची (ठरल्या मुदतीत काम करून द्यायची कर्नाटक सरकारची योजना) पावती मागून घ्या, नंबर आणि तारखेसकट, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००, भरपाई मागता येते.

भावाचे दिवस आम्ही वहीत मांडले, ३१ भरले, रोजचे ७०० धरून २१,७००. बसभाडं अजून धरायचंय.