पोथीच्या नक्षीकामासाठी ग्वाश कसे निवडायचे

ज्यांना हातानं पोथी लिहून तिच्यावर वेलबुट्टी, चित्रं काढायची आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण कोल्हापुरात महाद्वार रोडवर खरेदीला गेलं की ट्यूबवरचं नाव आणि झाकणाचा रंग बघूनच ग्वाश, म्हणजे पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग, घेतले जातात, तसं करू नका. ट्यूबच्या मागं बारीक अक्षरात पिगमेंटचा म्हणजे रंगद्रव्याचा कोड असतो, तो वाचा: पीबी म्हणजे निळा, पीवाय पिवळा, पीआर लाल, पीजी हिरवा, पीडब्ल्यू पांढरा, पीव्ही जांभळा, आणि पुढं त्याचा नंबर. ट्यूबमधलं ग्वाश बरंचसं छपाईसाठी डिझाइन करणारे वापरायचे, चित्र छापून झालं की मूळ कागद टिकायची गरज नसायची, म्हणून महागड्या सेटमध्येसुद्धा उजेडानं उडणारे रंग असतात बघा.

निळा सोपा आहे. जुना भारी निळा लाजवर्द दगडाचा, आज आपल्याला झेपत नाही, पण अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९ हा १८२० च्या दशकात कारखान्यात बनायला लागला आणि रंगद्रव्य तेच आहे, बिनधास्त घ्या. आम्ल मात्र त्याला चालत नाही, कागद अ‍ॅसिड-फ्रीच पाहिजे. थॅलो निळा टिकतो झकास, पण तो १९३० च्या दशकातला, जुन्या धाटणीच्या पानावर लगेच परका दिसतो.

पिवळा आणि लाल जपून. जुना पिवळा हरताळ, त्यात आर्सेनिक, जुना लाल हिंगूळ, त्यात पारा, शिवाय हिंगूळ उजेडानं काळा पडू शकतो, त्यामुळं दोन्ही नकोतच. हरताळाऐवजी पीवाय १८४, हिंगुळाऐवजी पीआर २५५, हे नवे आहेत पण दिसायला जवळ जातात. गेरू आणि पिवडी मात्र तशाच मिळतात, पीआर १०२ आणि पीवाय ४३, माती आहे ती, तिला ऊन काय करणार! काळ्याला काजळीचा लॅम्प ब्लॅक, पांढऱ्याला टायटॅनियम पीडब्ल्यू ६, कारण शिशाचा सफेदा हवेनं काळवंडतो आणि विषारी पण आहे. हिरव्यासाठी जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा रंग, अजिबात नको, तो कागदच खातो, पीजी १७ मध्ये थोडा पिवळा घाला.

गुलाबीत सगळ्यात जास्त फसगत होते. ऑपेरा, अ‍ॅलिझरिन पीआर ८३, कारमाइन हे तिन्ही टाळा आणि क्विनाक्रिडोन पीव्ही १९ घ्या.

कंपनीनं काहीही लिहिलेलं असू दे, एक पट्टी स्वतः रंगवा, अर्धी अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मे भर राहू द्या. पाऊस लागायच्या आत काढा, आपल्या कोल्हापुरात जूनपासून ओल धरते आणि ग्वाशमधल्या डिंकावर बुरशी येते. फॉइल काढल्यावर मधली रेघ स्पष्ट दिसली तर तो रंग पोथीला लावू नका.