गोळी आधी, दही मग: एचआयव्हीसोबत जगताना पोट कसं सांभाळावं

एचआयव्हीची गोळी नव्याने सुरू झालेल्यांशी बोलायचं काम मी करते. मी स्वतःही बरीच वर्षं हीच गोळी घेते. घर डिचोलीला, दोन वेळचा स्वयंपाक माझ्याच हातचा. हल्ली लोक मला काउंटपेक्षा, म्हणजे रक्तातल्या सीडी४ या रक्षक पेशींच्या संख्येपेक्षा, पोटाबद्दल जास्त विचारतात. "मावशी, प्रोबायोटिक घेऊ का? मोबाईलवर सांगतात, त्याने प्रतिकारशक्ती वाढते." प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले म्हणून घ्यायचे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट. कळंगुटच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या एका मुलाने तर विकत आणलेल्या प्रोबायोटिकचा डबाच पुढे ठेवला. त्या पैशांत त्याच्या घरी महिनाभर दूध आलं असतं. मला वाईट वाटलं ते त्या पैशांचं. म्हणून जे तोंडाने सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पोटाचा आणि या विषाणूचा संबंध. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या अस्तरात असतो. एचआयव्ही अंगात शिरला की पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात मारतो. अस्तराच्या कुंपणाला भगदाडं पडतात आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. २००६ साली शास्त्रज्ञांनी हे रक्तात मोजून दाखवलं. शरीर त्या तुकड्यांशी सतत झुंजत राहतं, त्यातून आत बारीक सूज राहते. गोळीने व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबला तरी ही सूज पूर्ण जात नाही, आणि पुढे हृदयाच्या दुखण्यांशी तिचा संबंध लागतो. तेव्हा पोटाची काळजी घ्यायची ती नुसतं पोट साफ व्हावं म्हणून नव्हे.

मग प्रोबायोटिकने हे कुंपण दुरुस्त होतं का? यावर अभ्यास झाले आहेत, पण बहुतेक छोटे. काहींत सुजेच्या खुणा थोड्या कमी झाल्या, काहींत काहीच फरक पडला नाही. त्यामुळे "काउंट वाढवणारी पावडर" म्हणून कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. आतड्याला सगळ्यात जास्त आधार देणारी वस्तू सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती म्हणजे रोजची गोळी. ती चुकवून पाच तऱ्हेची दह्यं खाल्लीत तरी उपयोग नाही.

आता गोळीच्या वेळेबद्दल, कारण हे फार थोड्यांना कुणी समजावून सांगितलेलं असतं. आपल्याकडे बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रावीर एकाच गोळीत. यातलं डोल्युटेग्रावीर कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतं आणि मग अंगात नीट उतरत नाही. पोटात जळजळलं की आपण डायजीन किंवा जेलुसिल घेतो. त्यांत नेमकं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच असतं. म्हणून टीएलडी अशा अँटासिडच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीलाही हाच नियम, पण ती टीएलडीसोबत भरपेट जेवणात घेतली तर चालते. अँटासिडला ही सवलत नाही. काही प्रोबायोटिक पुड्यांत जस्त, लोह, व्हिटॅमिनं घातलेली असतात. पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, चष्मा लागला तर लावा. साध्या वाटीभर दह्याची मात्र धास्ती नको.

दही घरी लावा. बाजारातली गोड, फळांच्या चवीची दह्यं साखरेने भरलेली असतात. पिशवीचं दूध असो की गवळ्याचं, पुरतं उकळा. कच्च्या दुधाचं दही आपल्यासाठी नाही. उकळलेलं दूध करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतपत कोमट झालं की अर्धा लिटरला एक छोटा चमचा विरजण घाला. विरजण आधी वाटीत चमचाभर दुधात फेटून घ्या, तसंच गोळा टाकलं तर दही तळाशी चिकट आणि वर पाणचट होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाच-सहा तासांत लागतं. पावसात भांडं टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवावं लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. बुरशीचा ठिपका किंवा गुलाबी छटा दिसली तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका. दही कढीत उकळलंत की त्यातले जिवंत जिवाणू मरतात. कढी खाऊ नका असं नाही, पण जिवाणूंसाठी ताक किंवा वाटीतलं दही हवं. तसंच इडली-सान्नांचं: पीठ आंबलेलं असतं, पचायला हलकं, पण वाफेत जिवाणू उरत नाहीत. सोलकढी तर आंबवलेली नसतेच.

आणि एक सांगते, कारण यावर बायका माझ्यापाशी रडल्या आहेत. शेजारणीला विरजण दिल्याने, एका पातेल्यातलं दही सगळ्यांनी खाल्ल्याने, एका चमच्याने वाढल्याने एचआयव्ही पसरत नाही. घरात तुमच्यासाठी वेगळं पातेलं कुणी ठेवत असेल तर ते अज्ञान आहे, ते पातेलं उचलून सगळ्यांच्या पातेल्यांत ठेवा.

दह्यातले पाहुणे आतड्यात कायम राहत नाहीत. कायम राहतात ते आपले स्वतःचे जिवाणू, आणि त्यांना खायला लागतो भाजीपाल्यातला, कडधान्यातला चोथा. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावरच जगतात. इथे आपला गोवा श्रीमंत आहे. खतखतं घ्या. कणंग, माडी, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मुळा, भोपळा, तूरडाळ, वर तेफळं. इतक्या जातीच्या भाज्या एका टोपात क्वचितच जमतात, आणि जिवाणूंना तर विविधताच लागते. गणपतीतच करायचं असं काही नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कंदमुळं मिळतात तेव्हा आणून ठेवा. रोजच्याला तांबडी भाजी, अळसांदे, मोड आलेले मूग, सकाळी मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई. मात्र एकदम वाढवू नका. आठवड्याला एक पदार्थ वाढवा, नाहीतर वात धरतो आणि लोक म्हणतात कडधान्य सोसत नाही. जुलाब चालू असताना कडधान्यं थांबवून उकड्या तांदळाची पातळ पेज घ्या. सोबत खारातलं तोर (मिठाच्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी) चालेल, पण रक्तदाब असेल तर चवीपुरतंच.

प्रोबायोटिकची पुडी कधी? माझं मत असं की अँटिबायोटिकमुळे जुलाब लागले तर थोड्या दिवसांपुरती, डॉक्टरांना विचारून. जिवाणूंची पुडी असेल तर अँटिबायोटिकपासून दोन-तीन तास लांब. काही पुड्यांत असते ती सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही, पण फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर निकामी होते. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, संख्या आणि मुदत लिहिलेली हवी, आणि फ्रीजमध्ये ठेवायची पुडी दुकानदाराने फ्रीजमधूनच काढून दिलेली हवी. ज्यांचा काउंट २०० च्या खाली आहे, जे इस्पितळात आहेत, ज्यांच्या मोठ्या शिरेत सलाईनची नळी आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलंही प्रोबायोटिक घेऊ नये. हेच जिवाणू आणि यीस्ट अशा अंगात क्वचित रक्तात शिरतात आणि जिवावर बेततं.

पैसा आणि कष्ट खर्च करायचेच तर पाण्यावर करा. मिरगाच्या पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्यात येऊ शकतात. काउंट कमी असलेल्याला त्याने आठवडेच्या आठवडे जुलाब होतात, आणि क्लोरीनच्या थेंबांनी तो मरत नाही. पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवा, मग झाकून गार करा. रस्त्यावरचा बर्फ टाळा. कालवं कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अजिबात नकोत, तिसऱ्या (शिंपल्या) शिजवल्यावर जी उघडत नाही ती फेकून द्या.

गोळी बदलल्यावर थोडे दिवस पोट ढिलं होऊ शकतं. लोपिनावीर हे एचआयव्हीचं दुसरं औषध घेणाऱ्यांना तर हा त्रास ठाऊकच आहे. त्यासाठी गोळी मनाने बंद करू नका, केंद्रात जाऊन सांगा. अ‍ॅटाझानावीर हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर आम्लपित्ताची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नको. शौचात रक्त, ताप, उलट्यांमुळे गोळी पोटात न टिकणं, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून घोट घोट. जुलाब दोन आठवड्यांहून लांबले किंवा वजन उतरू लागलं तर शौचाची तपासणी मागा आणि तुमचा काउंट सांगा, कारण क्रिप्टोस्पोरिडियम साध्या तपासणीत सहज निसटतो, त्याला वेगळा रंग देऊन पाहावं लागतं. जाताना घरातली प्रत्येक गोळी, पुडी, काढ्याची बाटली पिशवीत घालून न्या. कुणाला विचारावं कळत नसेल तर १०९७ हा एचआयव्हीबद्दल माहिती देणारा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.